बाक काढणं, बाक देणं

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, असं आपण म्हणतो आणि सगळा दोष शेपटाच्या माथी मारतो. नळी सरळ होती का, हे कोणी विचारत नाही. म्हण पाडणाऱ्याने ते गृहीतच धरलं. मीही धरलं असतं, पण माझी नोकरी आड आली.

एका कारखान्याच्या टूलरूममध्ये माझी उमेदीची वर्षं गेली आणि त्यातला बराच काळ वाकडे शाफ्ट सरळ करण्यात गेला. हीट-ट्रीटमेंटहून आलेला शाफ्ट दोन वी-ब्लॉकवर ठेवायचा, मध्यावर डायलची टोच टेकवायची, शाफ्ट हाताने फिरवायचा, काटा सर्वांत जास्त चढेल तिथे खडूने खूण करायची आणि खूण वर करून प्रेसखाली दाबायचा. पुन्हा डायल, पुन्हा खडू. या कामाने माझी एक समजूत पक्की करून टाकली होती. सरळ असं जगात काही नसतं, किती वाकडं चालून जाईल एवढंच असतं. आणि आपलं काम म्हणजे बाक काढणं. बाक देणं हे काम असू शकतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

त्यामुळे अमेरिकेत लोक ठासणीच्या बंदुकीची चांगली सरळ नळी झाडाच्या बेचक्यात अडकवून मुद्दाम वाकवतात, आणि वाकवल्यावर ती नेमकी मारायला लागते, असं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो जवळजवळ व्यक्तिगत अपमान वाटला. गावठी उपाय म्हणून मी ते पान उलटलं, पण चार दिवसांनी पुन्हा उघडलं. मग कागद-पेन्सिल घेऊन कोन काढत बसलो आणि उत्तर आलं ते माझ्या समजुतीच्या बाजूने नव्हतं. हे पुस्तक तिथून सुरू झालं.

ठासणीची बंदूक म्हणजे काय, हे सिंधुदुर्गातल्या वाचकाला सांगायला नको. शेती संरक्षणाच्या परवान्यावरच्या अशा बंदुका तिथे आजही घरांत आहेत. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. काडतूस नाही. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, वर गोळी किंवा छर्रे टाकायचे आणि गजाने ठासायचे. नळीचं मागचं टोक पेचाच्या बुचाने कायमचं बंद असतं. आग आत पोचते ती बाजूच्या बारीक भोकातून, म्हणजे कान्यातून. शत्रूच्या तोफांच्या कान्यात खिळे ठोकून त्या निकामी केल्याचं आपण इतिहासात वाचतो, तोच काना. आग लावायला आधी जळता तोडा होता, मग चकमक आली, शेवटी तांब्याची टोपी. पेटवायची तऱ्हा बदलली तरी नळीचा प्रश्न तोच राहिला, आणि हे पुस्तक नळीबद्दल आहे.

ही नळी सरळ जन्मालाच येत नाही. १८व्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात जर्मन घराण्यांतले कारागीर लांब नळीच्या रायफली करत. लोखंडाची जाड पट्टी तापवायची, सळईभोवती गुंडाळायची, आणि कडा एकीवर एक चढवून घणाने ठोकत वीत वीत सांधत न्यायची. मग आतून बोअर करायची, बाहेरून घासून आठ पैलू पाडायचे. यातला प्रत्येक टप्पा नळीला कुठेतरी बाक देऊन जातो. सांधताना घण एका बाजूला जास्त बसतो, बोअर करताना हत्यार भरकटतं, बाहेरून धातू काढला की आतला ताण सुटतो आणि कालपर्यंत सरळ असलेली नळी सकाळी कूस बदलून पडलेली दिसते. हे सगळं डोळ्यांनी पाहायचं असेल तर कलोनियल विल्यम्सबर्ग या संस्थेने १९६९ साली केलेला तासाभराचा माहितीपट पाहावा. त्यात वॉलेस गस्लर हा कारागीर जुन्या पद्धतीने, हाताने, अख्खी रायफल घडवतो. मी तो इतक्यांदा पाहिला आहे की घरातल्यांना त्यातले घणाचे ठोके पाठ झाले आहेत.

तर नळी सरळ करणं हे बंदूक करण्यातलं वेगळं, मानाचं काम होतं आणि ते करणारा माणूसही वेगळा असे. त्याच्याकडे डायल नव्हता. होता तो धागा, नाहीतर उजेड.

धाग्याची रीत जुनी आणि समजायला सोपी. लवचीक काठीच्या धनुष्यावर ताणलेला बारीक दोरा किंवा तार नळीतून आरपार घ्यायची, आतल्या भिंतीला टेकवायची आणि दोहोंमध्ये कुठे फट दिसते ते पाहायचं. फट दिसली तिथे खळगा. नळी थोडी फिरवायची आणि पुन्हा पाहायचं. ताणलेला दोरा खोटं बोलत नाही. गवंडी ओळंब्यावर विश्वास ठेवतो तो याच कारणाने.

उजेडाची रीत मात्र मला आजही थोडी जादूची वाटते. नळी आतून आरशासारखी चकचकीत झाली की ती खिडकीकडे रोखायची, पण अशी की खिडकीच्या चौकटीची वरची आडवी कड, किंवा मुद्दाम काचेवर ओढलेली काळी रेघ, नळीच्या तोंडाशी यावी. त्या रेघेची सावली नळीच्या आतल्या अंगावरून लांबच लांब डोळ्याकडे धावत येते. नळी सरळ असेल तर सावलीच्या दोन्ही कडा स्वच्छ, न अडखळता येतात. बाक असेल तिथे कड फुगते, खचते किंवा तुटते. कारागीर नळी हळूहळू फिरवतो, सावली कुठे लचकते ते हेरतो, तिथे बोट ठेवतो आणि ऐरणीवर धरून हातोडीचा एक ठोका देतो. पुन्हा खिडकी. १८५२ साली जेकब अॅबट या अमेरिकी लेखकाने हार्पर्स मासिकात स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्र कारखान्यावर लांबलचक लेख लिहिला, त्यात नळ्या सरळ करण्याच्या या कामाचं वर्णन आहे. बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरने १८८१ साली बंदुकीच्या विकासावर जो जाडजूड ग्रंथ काढला आणि १९१०पर्यंत पुन्हा पुन्हा वाढवून छापला, त्यातही नळी बसवणाऱ्याचा डोळा भाव खाऊन जातो. मी स्वतः पहिल्यांदा ही सावली पाहिली ती बंदुकीत नव्हे, हायड्रॉलिक सिलिंडरच्या होन केलेल्या नळीत. प्रेसवर वर्षानुवर्षं डायल लावणारा मी, तीन मिनिटांत मला तिचा बाक नुसत्या डोळ्याने दिसला. शेजारच्या फिटरला दाखवला, तर तो म्हणाला, "साहेब, मग एवढी वर्षं आपण काय करत होतो?"

इथपर्यंत सगळं बाक काढण्याबद्दल झालं. आता देण्याबद्दल.

ब्रिटिश फौजेची ब्राउन बेस नावाने ओळखली जाणारी चकमकीची बंदूक घ्या. तिच्या नळीवर मागची माशी, म्हणजे नेम धरायची मागची खूण, नाहीच. पुढे एक चौकोनी खुंटा आहे, तो खरं तर संगीन अडकवायला. त्यालाच माशी समजायचं. तिचा ३९ इंची नळीचा जो प्रकार इंडिया पॅटर्न म्हणून ओळखला जातो, तो ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या पलटणींसाठी करवून घेतलेला. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर ब्रिटिश सरकारने १७९०च्या दशकात तोच उचलला. आपल्याकडे कंपनीच्या शिपायांच्या हाती होत्या त्या याच घराण्यातल्या बंदुका. शेकडो शिपाई खांद्याला खांदा लावून एकदम बार काढतात, तेव्हा त्यातली एक बंदूक वीतभर डावीकडे मारते याचं कोणाला सोयरसुतक नसतं. समोरही ओळच उभी असते. डावीकडे मारलेली गोळी शेजारच्याला लागते.

एकट्या माणसाचं तसं नाही. कॅनडाच्या जंगलात हडसन्स बे कंपनी आणि तिचे प्रतिस्पर्धी केसाळ कातड्यांच्या बदल्यात तिथल्या आदिवासींना जी हलकी बंदूक देत, तिला नॉर्थवेस्ट गन म्हणतात. गुळगुळीत नळी, बाजूच्या पट्टीवर वळवळता सर्प, आणि चापाभोवतीची कडी एवढी मोठी की हातमोजा घातलेलं बोट आत जावं. चार्ल्स हॅन्सन यांनी १९५५ साली या एकाच बंदुकीवर पुस्तक लिहिलं. नेब्रास्कात चॅड्रन गावी त्यांनी उभ्या केलेल्या फर व्यापाराच्या संग्रहालयात अशा बंदुका ओळीने मांडलेल्या आहेत. ही बंदूक ज्याच्या हाती असे, त्याचं हिवाळ्यातलं जेवण तिच्यावर असे. त्याची बंदूक वीतभर डावीकडे मारत असेल तर तो उपाशी राहतो. आणि माशी तर नळीवर झाळून पक्की केलेली. ती कानशीने घासून बुटकी केली तर गोळी वर लागायला लागते, एवढा एक मार्ग खुला. पण डावं-उजवं करायला माशी सरकतच नाही. उरली नळी.

आजही हा प्रश्न जिवंत आहे तो हौशी लोकांमुळे. अमेरिकेत ठासणीच्या बंदुकांची राष्ट्रीय संघटना १९३३ साली निघाली. इंडियानातल्या फ्रेंडशिप नावाच्या चिमुकल्या गावी तिचे नेमबाजीचे मेळे भरतात. या खेळाच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सामन्यांत गुळगुळीत नळीच्या चकमकीच्या लष्करी बंदुकीने ५० मीटरवर उभं राहून नेम धरायचा एक स्वतंत्र प्रकार आहे, मिकेले नावाचा. तोड्याच्या बंदुकीचा दुसरा, त्याचं नाव तानेगाशिमा, जपानच्या ज्या बेटावर १५४३ साली पोर्तुगीजांबरोबर बंदूक उतरली त्या बेटावरून. जुन्या बंदुकीचं रूप बदलायचं नाही, हा या साऱ्या खेळाचा धर्म. नवी माशी बसवून सुटका नाही. म्हणजे हा माणूस पुन्हा तिथेच येऊन उभा राहतो, जिथे तो जंगलातला शिकारी उभा होता.

आता कोन. या पुस्तकातली सर्वांत कोरडी पानं याचीच आहेत आणि मला सर्वांत प्रिय तीच.

माशी हलवायची झाली तर उलटं वागावं लागतं. गोळी उजवीकडे जायला हवी असेल तर पुढची माशी डावीकडे सरकवायची. नळी वाकवायची झाली तर सुलटं: गोळी जिकडे जायला हवी तिकडे नळीचं तोंड वळवायचं. गोळीला नळीच्या मागच्या भागाशी देणंघेणं नसतं. तोंडाशी नळी जिकडे पाहत असते तिकडे ती जाते. इतकं सोपं. पण माशी नळीवरच बसलेली आहे! नळीचं तोंड उजवीकडे वळवलं की माशीही उजवीकडे गेली, आणि उजवीकडे गेलेली माशी गोळीला डावीकडे ढकलते. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं जातं. किती काढून घेतलं जातं, हे बाक कुठे दिला यावर ठरतं. नळी बुडाशी वाकवली तर सगळंच. नळी, माशी, सगळं मिळून वळतं आणि हाती भोपळा. मध्यावर वाकवली तर निम्मं. तोंडाकडच्या पाव भागाच्या सुरुवातीला वाकवली तर चौथा हिस्साच बुडतो.

आकड्यांत पाहू. नळी एक मीटरची, निशाण २५ मीटरवर, आणि गोळी १० सेंटिमीटर डावीकडे लागते. मध्यावर वाकवून ती चूक काढायची तर नळीचं तोंड मूळ रेषेपासून ४ मिलिमीटर हलवावं लागतं. तोंडापासून २५ सेंटिमीटरवर वाकवली तर सव्वा मिलिमीटरच्या आसपास भागतं. सव्वा मिलिमीटर! माझ्या प्रेसवर एवढ्या बाकाचा शाफ्ट आला असता तर मी तो वाकडा म्हणून परत पाठवला असता, पण हातात धरलेल्या बंदुकीत तो कोणाच्या नजरेत भरणार नाही. झाडाच्या बेचक्यात वाकवणारे लोक नळी जवळजवळ टोकाशी का धरतात, हे गणित करून मला कळलं. त्यांनी हे गणित केलं नव्हतं. चुकत चुकत तिथे पोचले असतील.

हे कागदावर. हातात मात्र धातू असतो, आणि धातूला लाज नाही. इंचभर जाडीची मीटरभर लांब पोलादी दांडी दोन टोकांवर टेकवून मध्ये दाबली तर ती आठ-दहा मिलिमीटर खाली जाते आणि हात सोडला की जशीच्या तशी वर येते, जणू काही झालंच नाही. त्यापलीकडे गेलं की मग कुठे एखादा मिलिमीटर मागे राहतो. म्हणजे हवा तेवढा बाक देण्यासाठी त्याच्या कित्येक पट दाबायचं आणि सोडायचं, आणि किती पट हे पट्टी सांगत नाही, हात सांगतो. जुनं भट्टीतलं लोखंड मऊ असतं, ऐकतं. आजच्या मिश्रधातूच्या पोलादाची नळी हट्टी. बराच वेळ काहीच मानत नाही आणि मानते तेव्हा जास्तच मानते. एकदा घाईत मी एका शाफ्टला एक दाब जास्त दिला. तो उलटीकडे वाकला. मग उलटा दाब, मग पुन्हा सुलटा. चौथ्या खेपेला मधोमध केसासारखी चीर दिसली. तो तुकडा मी घरी आणून पेपरवेट केला आहे. नळी वाकवणाऱ्यांचा नियम एकच: थोडं वाकव, गोळ्या झाड, पाहा, मग पुन्हा थोडं. वाकवण्याआधी नळी लाकडातून सोडवायची, नाहीतर आधी दस्ताच चिरतो. टेकूखाली लाकूड किंवा शिसं, म्हणजे नळीला वण पडत नाहीत. आणि या सगळ्याच्या आधी गज आत सोडून तो किती खोल जातो ते बाहेर नळीच्या लांबीवर धरून पाहायचं, कारण आजोबांच्या काळचा भरलेला बार अशा नळ्यांत निघतो.

तरीही हा उपाय शेवटचा. नळीला हात लावण्याआधी माणूस तपासावा. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यापासून बार उडेपर्यंत एक क्षण जातो, डोळ्यासमोर रंजक, म्हणजे कान्यापाशी घातलेली दारू, भडकते आणि तेवढ्यात मान दचकते. ज्यांची बंदूक डावीकडे मारते, त्यांच्यापैकी कित्येकांची बंदूक सरळच असते. दारू कमी-जास्त करून पाहावी, गोळीभोवतीचं फडकं बदलून पाहावं, टेकू देऊन वेगवेगळ्या दिवशी पाच-पाच गोळ्या झाडाव्यात. त्यातही मागची माशी नसलेल्या बंदुकीत मागची माशी म्हणजे खुद्द डोळा. गाल दस्त्यावर जरा उंच टेकला की डोळा उंच, आणि गोळीही उंच. अशा वेळी दस्त्याची गालाखालची बाजू घासून घेणं नळी वाकवण्यापेक्षा स्वस्त पडतं. तीन वेगळ्या दिवशी गोळ्या एकाच ठिकाणी, पण निशाणापासून दूर लागत असतील, तरच नळीकडे वळावं.

या विषयावर बंदूकवाल्यांत दोन तट आहेत आणि ते एकमेकांना मूर्ख म्हणतात. जुन्या, मोलाच्या नळीला वाकवणं हा रानटीपणा आहे, असं एक तट म्हणतो. माझं मत त्यांच्याकडे झुकतं, पण कारण वेगळं आहे: दोनशे वर्षांच्या सांध्यात आत काय दडलंय ते कोणाला दिसत नाही. पातळ भिंतीची शिकारी दुनळी, किंवा लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली दमास्कस नळी यांच्या वाटेला जाऊच नये. पण नवी, जाड, जुन्या घाटावर केलेली नळी असेल तर आक्षेपात मला भावनेपलीकडे काही सापडलं नाही. नळी वाकवली की गोळी अडखळते, हा समज तर निव्वळ भीतीचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी कोपऱ्याआडून झाडता यावं म्हणून ३० अंशांत वळलेली नळी बंदुकीला जोडून पाहिली. ती लवकर झिजे, गोळ्याही फुटत, पण गोळी वळणातून बाहेर पडत असे. इथे आपण अंशाच्या एका तुकड्याबद्दल बोलतोय. आणि ज्यांना बाकाची फारच शिसारी आहे त्यांनी रणगाड्याच्या तोफेकडे पाहावं. तिच्यावर जो अंगरखा चढवलेला दिसतो तो उन्हाने आणि वाऱ्याने नळी एका बाजूला वाकू नये म्हणून असतो. तरी ती वाकतेच, म्हणून कित्येक रणगाड्यांत तोंडाशी एक आरसा बसवून ती किती वाकली ते मोजतात.

हे पुस्तक कसं करावं हे शिकवण्यासाठी लिहिलेलं नाही, आपल्याकडे तर नाहीच. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही. ज्याच्याकडे ठासणीची बंदूक आहे आणि ती डावीकडे मारते, त्याने ती परवानाधारक कारागिराकडे न्यावी आणि जमल्यास हे पुस्तक सोबत न्यावं. मी लिहिलं ते लेथवर, प्रेसवर, गवंडीकामात, सुतारकामात सरळ-वाकड्याशी रोज झगडणाऱ्यांसाठी. मधली प्रकरणं आकड्यांची आहेत. ज्याला कंटाळा येईल त्याने ती वगळून शेवटची, सावलीवरची दोन प्रकरणं आधी वाचली तरी बिघडत नाही. मी स्वतः त्याच क्रमाने लिहिली.

फक्त वाचण्याआधी एक करा. भंगारवाल्याकडून किंवा कुठल्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून दोन-तीन फूट लांबीचा, आतून गुळगुळीत असा स्टेनलेस स्टीलचा पाइप आणा. काठीला फडकं गुंडाळून आतून पुसून घ्या. सकाळच्या उजेडात खिडकीपासून चार पावलं मागे उभं राहा, एक डोळा मिटा आणि चौकटीच्या वरच्या कडेकडे रोखून पाइप बोटांवर हळूहळू फिरवा.